मनाच्या आरोग्यावर ग्रुपमध्ये बोलायचंय? पहिली मिटींग कशी घ्यायची ते सांगतो

ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, कॉलेजच्या ग्रुपमध्ये किंवा खेळायच्या टीममध्ये डिप्रेशन, अँक्झायटी, एकटेपणा यावर मोकळेपणाने बोललं जावं असं वाटणारे आता बरेच भेटतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्पीकर कोणाला बोलवू?" माझं म्हणणं, पहिल्या वेळी कोणालाच नको. तज्ज्ञ येतात, स्लाईड दाखवतात, सगळे माना डोलावतात, शेवटी "काही शंका?" म्हटलं की अख्खा हॉल खाली बघतो आणि मंडळी पांगतात. माहिती मिळते हो, पण ज्याला बोलायचं होतं तो न बोलताच घरी जातो.

आणि खरं सांगायचं तर लोकांना बोलतं करणं तेवढं अवघड नाहीये, जागा बरी असली आणि कोणी घाई केली नाही तर कोणीतरी बोलतंच. अवघड असतं ते त्यानंतरचं. कोणी पहिल्यांदा मनातलं बोललं की पुढच्या दोन मिनिटांत बाकीचे कसे वागतात, त्यावर तो माणूस परत येणार की नाही आणि गप्प बसून बघणारे कधी बोलणार की नाही हे ठरतं. म्हणून खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं तरी कोणी बोलल्यावर काय करायचं याचीच तयारी आहे.

एक आकडा डोक्यात ठेवा. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने २०१९ साली जगात साधारण ९७ कोटी लोकांना काही ना काही मानसिक आजार होता, दर ८ जणांत १. तुमच्या मिटींगला गोल करून १६ जण बसले असतील तर त्यातले दोघं हे सगळं आत्ता भोगत असू शकतात, शिवाय घरात कोणाचं तरी करणारे वेगळेच. त्यामुळे "अशा लोकांना आपण समजून घेतलं पाहिजे" टाईपची भाषा पहिल्या दिवसापासून बंद. ते लोक समोरच बसलेले असतात.

आधी तिघं जमवा

एकट्याने करू नका. एक जण मिटींग चालवणारा, दुसरा फक्त चेहरे बघणारा (कोण अस्वस्थ झालंय, कोण मधेच उठतंय), आणि तिसरा म्हणजे कोणी बाहेर गेलंच तर मागोमाग जाऊन शेजारी बसणारा. ही तिसरी खुर्ची लोक हमखास विसरतात.

जमलं तर या तिघांत एक तरी असा असावा जो स्वतः यातून गेलाय आणि त्याबद्दल आधी कुठेतरी बोललेला आहे, आयुष्यात पहिल्यांदा तिथेच बोलणार असेल असा नको. याला कारण आहे. २०१२ मध्ये पॅट्रिक कॉरिगन नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ देशांतले ७२ अभ्यास एकत्र तपासले, विषय होता मानसिक आजाराबद्दलचा कलंक कशाने कमी होतो. मोठ्या माणसांच्या बाबतीत नुसत्या माहितीपेक्षा त्या आजारातून गेलेल्या माणसाशी प्रत्यक्ष भेट जास्त उपयोगी पडली. टीनएजर्समध्ये मात्र उलटं निघालं, तिथे माहितीचा परिणाम जास्त दिसला. म्हणजे शाळकरी मुलांसाठी करत असाल तर माझं स्पीकर नकोचं वाक्य सोडून द्या, तिथे नीट शिकवणारं माणूस लागतंच, आणि मुलं असतील तर पालक आणि शाळा यांना सांगूनच काय ते करायचं.

मदतीचा कागद

हे काम मिटींगच्या आधीचं आहे, नंतरचं नाही. एका कागदावर लिहा, जवळचा सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट किंवा कौन्सेलर, जवळचं हॉस्पिटल जिथे रात्री पण इमर्जन्सी बघतात, आणि तुमच्याकडे जी हेल्पलाईन चालू असेल ती. नेटवरून कॉपी करून चिकटवू नका, प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा. कोण उचलतं, किती वाजेपर्यंत उचलतात, कोणत्या भाषेत बोलतात, नव्या पेशंटला अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते, फी किती, कमी फीवाली सोय आहे का. ज्याला सकाळी उठायची ताकद नाही तो हे सहा फोन करणार नाहीये, ते तुम्ही करून ठेवायचे.

कागदावर खाली दोन ओळीत फरक पण लिहा कारण खूप जणांना माहीत नसतो, सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएससारखं डॉक्टरकीचं शिक्षण घेऊन पुढे मानसोपचार शिकलेला, तो औषध देऊ शकतो, आणि सायकॉलॉजिस्ट किंवा कौन्सेलर हे मुख्यतः बोलण्यातून थेरपी देतात. बऱ्याच जणांना दोन्ही लागतं.

बोलावणं कसं पाठवायचं

"मानसिक आजार जनजागृती कार्यक्रम" असं लिहिलंत की चार जण येतील आणि तेही तुमचे मित्र. कारण त्या कार्यक्रमाला जाताना कोणी बघितलं तर काय म्हणेल हा विचार पहिला येतो. त्यापेक्षा एक साधा विषय धरा, झोप, कामाचा ताण, आई-वडिलांचं आजारपण सांभाळणं, नोकरी गेल्यानंतरचे महिने. मेसेज असा काहीतरी:

"रविवारी संध्याकाळी ५ ते ६:३० आपण दहाबारा जण बसतोय. विषय, रात्री झोप न लागणं आणि डोक्यात चालू राहणारे विचार. भाषण नाही, फोटो नाही. बोलायची सक्ती नाही, नुसतं ऐकायला आलात तरी चालेल. यायचं असेल तर मला पर्सनलवर सांगा, ग्रुपवर नको."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण ग्रुपवर अंगठा दाखवणं म्हणजे सगळ्यांसमोर हात वर करणं. आणि मेसेजच्या भरवशावर राहू नका, निम्मे लोक तुम्ही समोर जाऊन "ये ना" म्हटल्यावरच येतात. फक्त "तुला याची गरज आहे" असं कोणाला म्हणू नका प्लीज.

आठ ते बारा माणसं पुरे. वीस झाले की दोन गोल करा. ऑफिसात करत असाल तर साहेब आणि त्याच्या हाताखालचे लोक एका गोलात बसवू नका, साहेब कितीही चांगला असला तरी. जागा अशी बघा की बाहेरून कोण बसलंय ते दिसत नाही आणि बाहेर आवाज जात नाही, काचेची मिटींग रूम बाद. खुर्च्या गोलात, मधे टेबल नको, आणि दाराजवळच्या दोन खुर्च्या रिकाम्या सोडा म्हणजे उशिरा येणारा किंवा उठून जाणारा सगळ्यांना ओलांडत जात नाही.

पुरुषांना गोलात बसवून "आता बोला" म्हटलं की बऱ्याचदा क्रिकेटवर गाडी जाते. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात मेन्स शेड नावाची कल्पना सुरू झाली, एक वर्कशॉप, त्यात रिटायर झालेले वगैरे पुरुष एकत्र येऊन लाकूडकाम, दुरुस्ती असलं काहीतरी करतात आणि हात चालू असताना तोंड आपोआप चालू होतं. तुमच्याकडे वर्कशॉप नसेल तर एकत्र चालायला जा, सायकली दुरुस्त करा, काहीही, समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी असलं की जड गोष्ट बोलायला बरं पडतं.

नियम, आणि ते मोठ्याने वाचून दाखवायचे

सुरुवातीला पाच मिनिटं. इथलं बोलणं इथेच राहील. जो तो स्वतःबद्दल बोलेल, दुसऱ्याची गोष्ट सांगणार नाही. समोरच्याने मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आपली पाळी आली की नुसतं "पास" म्हटलं तरी चालेल. कोणाचं औषध चालू असेल तर ते बंद कर, कमी कर असलं कोणी सांगायचं नाही, हे डॉक्टरचं काम.

गुप्ततेची मर्यादा पण तिथेच सांगून टाका: "कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, स्वतःपासून किंवा दुसऱ्यापासून, किंवा लहान मुलाला कोणी त्रास देतंय असं कळलं, तर आम्ही गप्प बसणार नाही, मदत बोलावू, आणि शक्यतो तुम्हाला सांगूनच बोलावू." हे नंतर सांगितलं तर विश्वासघात वाटतो, आधी सांगितलं तर लोकांना उलट बरं वाटतं.

आणि फोटो. शेवटी ग्रुप फोटो काढून स्टेटसला टाकायचा मोह आयोजकाला होतोच, "मानसिक आरोग्यासाठी एक पाऊल" वगैरे कॅप्शन टाकून. अरे, त्या फोटोत जो आहे तो उद्या ऑफिसात काय सांगणार? रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढा हवं तर.

मिटींग चालवताना

वेळ सव्वा ते दीड तास, त्याच्या वर नको. पहिला राऊंड सोप्या प्रश्नाचा, जसं "या आठवड्यात कधी जरा बरं वाटलं?" किंवा "दमल्यावर तुम्ही काय करता?" चालवणाऱ्याने स्वतः आधी उत्तर द्यायचं, खरं पण छोटं, दोन मिनिटांच्या आत, कारण तुम्ही जेवढं लांब आणि जेवढं खोल बोलाल तेवढंच आपणही बोलायला पाहिजे असं बाकीच्यांना वाटतं.

मग तो क्षण येतो ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय. समजा एक बाई म्हणतात, "मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. मुलांचं सगळं करते, पण आतून काहीच वाटत नाही." लगेच समोरून कोणीतरी, मनाने चांगलाच माणूस असतो तो, म्हणतो, "अहो, जास्त विचार करू नका, सकाळी फिरायला जात चला, माझ्या बहिणीला खूप फरक पडला." बाई म्हणतात "हो, बरोबर आहे," आणि हसतात. ते हसू म्हणजे दार बंद झालं. इथे चालवणाऱ्याने मधे पडायचं, त्या माणसाचा अपमान न करता: "दादा, एक मिनिट थांबू, उपायांकडे नंतर येऊ," आणि बाईंकडे वळून, "सगळं करताय पण आतून काही वाटत नाही, असं म्हणालात. कधीपासून असं होतंय?" बस एवढंच. त्यांचेच शब्द परत द्यायचे आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर हो-नाही नसेल. मग गप्प.

गप्प राहणं हे यातलं सगळ्यात कठीण काम. कोणी बोलायचं थांबलं की मनात दहा आकडे मोजा, तुम्हाला ते एक तास वाटेल, पण बऱ्याचदा सातव्या-आठव्या आकड्याला तो माणूस परत सुरू होतो आणि खरं काय ते तेव्हा बाहेर येतं.

कोणी रडलं तर रडू द्या. "रडू नका" म्हणू नका, धावत जाऊन मिठी मारू नका, टिश्यूचा डबा हाताला लागेल असा ठेवा आणि थांबा. नंतर विचारा, "इथेच बसायचंय की जरा बाहेर जाऊया?" बाहेर जायचं म्हणाले तर तुमचा तिसरा माणूस सोबत. आणि एखादा जण वीस मिनिटं बोलतच राहिला तर, होतंच असं, "तुमचं अजून बोलायचं राहिलंय ते मला कळतंय, मिटींगनंतर मी थांबतो तुमच्यासाठी" असं म्हणून पुढे जा, आणि मग खरंच थांबा.

शेवटची दहा मिनिटं लोकांना जरा शांत करण्यासाठी राखून ठेवा. जड बोलणं झाल्यावर तसंच उठून घरी पाठवायचं नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न, "इथून गेल्यावर आज रात्री काय करणार?" कोणी म्हणेल मित्राला फोन, कोणी म्हणेल झोपणार. मदतीचा कागद सगळ्यांना द्या, सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, जे रडले त्यांच्याच हातात नको.

दोन गोष्टी टाळा. पहिली, डिप्रेशनची प्रश्नावली वाटणं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरतात आणि चांगली आहे, पण तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तुम्ही चाळीस जणांना कागद वाटले आणि तिघांनी तिथे "रोज" वर खूण केली, तर त्या संध्याकाळी त्या तिघांचं काय करणार? उत्तर तयार नसेल तर कागद वाटू नका.

दुसरी, मोठा अपघात किंवा मृत्यू झाल्यावर सगळ्यांना लगेच बसवून "काय काय पाहिलं ते सविस्तर सांगा" करणं. हेतू चांगला असतो, मोकळं होतील म्हणून. पण अशा एकाच बैठकीच्या डीब्रीफिंगवर कोक्रेन रिव्ह्यू (झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) २००२ मध्ये झाला तेव्हा त्यातून पुढचा पीटीएसडी (धक्क्यानंतर बराच काळ टिकणारा मानसिक त्रास) टळतो असं दिसलं नाही, आणि एका ट्रायलमध्ये तर वर्षभराने उलट धोका वाढलेला दिसला. अशा वेळी डब्ल्यूएचओने २०११ मध्ये सायकॉलॉजिकल फर्स्ट एडचं, म्हणजे मनाच्या प्रथमोपचाराचं, जे गाईड काढलंय त्यातली तीन कामं धरा: बघा, ऐका, जोडून द्या. कोणाला काय लागतंय बघा, बोलायचं असेल त्याचं ऐका आणि खोदून विचारू नका, आणि पुढच्या मदतीशी गाठ घालून द्या.

आत्महत्येचा विषय निघाला तर

निघू शकतो, आणि घाबरून विषय बदलणं सगळ्यात वाईट. विचारलं तर उगाच डोक्यात येईल अशी भीती सगळ्यांना असते, पण यावर झालेल्या अभ्यासांत विचारण्याने असे विचार वाढतात असं आढळलेलं नाही. म्हणून संशय आला तर बाजूला घेऊन सरळ शब्दात विचारा, "जीव द्यावा असे विचार येतात का?" पण "असं काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?" हा प्रश्न नाहीच, तो "नाही" हेच उत्तर मागतो. हो म्हणाले तर पुढे विचारा, काही ठरवलंय का, कधीचं ठरवलंय, जवळ तसं काही साधन आहे का. ठरवलेलं असेल तर एकटं सोडायचं नाही, साधन लांब करायचं, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवायचं आणि इमर्जन्सीत घेऊन जायचं, त्याच दिवशी. "कोणाला सांगणार नाही असं वचन दे" म्हणाले तर वचन देऊ नका.

गोलात बोलताना मात्र कसं केलं, कुठे केलं, चिठ्ठीत काय होतं यावर गाडी जाऊ देऊ नका, तिथे लगेच थांबवा. त्या काळातून कोण कसं बाहेर आलं यावर बोलू द्या. ऑस्ट्रियातल्या वर्तमानपत्रांचा एक अभ्यास २०१० मध्ये आला होता, त्यात असं दिसलं की एकाच आत्महत्येच्या पुन्हा पुन्हा छापलेल्या बातम्यांनंतर आत्महत्या वाढलेल्या होत्या, तर कोणाच्या मनात तो विचार आला पण तो त्यातून सावरला अशा बातम्यांनंतर कमी. या कमी होण्याला पापागेनो इफेक्ट म्हणतात. गोलातही तीच काळजी घ्यायची.

दुसऱ्या मिटींगचं बघा

पहिली कशी झाली हे दुसरीला कळतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वेगळा मेसेज, "काल आलात, बरं वाटलं. आज कसं आहे?" एवढाच, ग्रुपवर "काल खूप छान झालं" असा नको. पुढची तारीख पहिल्याच दिवशी सांगा, महिन्यातून दोनदा, ठरलेला वार, ठरलेली वेळ. तुम्ही तिघंही मिटींगनंतर पंधरा मिनिटं थांबा आणि एकमेकांना विचारा, कारण दुसऱ्याचं ऐकून झोप उडते ती तुमची. नावं न घेता. सहा महिन्यांनी चालवणारा बदला.

आणि ट्रेनिंग घ्या. साध्या माणसांकडून हे होतं का असं विचारणाऱ्यांना मी झिम्बाब्वेचं सांगतो. तिथले सायकियाट्रिस्ट डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेत फ्रेंडशिप बेंच सुरू केलं, आरोग्य केंद्राच्या बाहेर एक लाकडी बाक आणि त्यावर त्याच भागातली ट्रेनिंग घेतलेली आजी. आजी ऐकते, मग सगळ्या प्रश्नांतला एक निवडायला लावते आणि त्यावर पुढच्या वेळेपर्यंत काय करता येईल ते त्या माणसाकडूनच काढून घेते. २०१६ मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये ट्रायल छापून आली, ५७३ पेशंट, आणि सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांचा त्रास नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा बराच कमी होता. बाकावरच्या भेटी संपल्या की लोकांना एका ग्रुपमध्ये घेतात, तिथे एकत्र बसून पिशव्या विणतात आणि बोलतात. पण हे नीट वाचा, त्या आज्यांना शिकवलं होतं, त्यांच्यावर देखरेख होती आणि हाताबाहेरची केस वर पाठवायची सोय होती. ऑस्ट्रेलियात २००० साली बेटी किचनर आणि टोनी जॉर्म यांनी सुरू केलेला मेंटल हेल्थ फर्स्ट एडचा कोर्स आता बऱ्याच देशांत मिळतो, तो किंवा तसा एखादा तिघांपैकी दोघांनी तरी करून टाका.

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन, १९९२ पासून पाळतात. बरेच जण सुरुवात त्याच दिवशी करायची म्हणतात, मला पटत नाही, कारण त्या दिवशी सगळे दिवसासाठी येतात आणि अकरा तारखेला संपतं. ऑगस्टमध्ये गुपचूप सुरू करा, ऑक्टोबरपर्यंत तीनचार बैठका झालेल्या असतील, मग त्या दिवशी बोलवा तज्ज्ञाला, तेव्हा हॉलमध्ये प्रश्न विचारणारी माणसं बसलेली असतील.

पहिल्या दिवशी दोघंच आले तर दोघांना घेऊन बसा, कॅन्सल करू नका, त्यांनी यायला काय काय केलंय ते आपल्याला माहीत नसतं. आणि मदतीच्या कागदावरचे नंबर दर तीन महिन्यांनी परत लावून बघा, त्यातला एखादा बंद झालेला असतोच.